‘के’ दाबलं की केळशी

सगळ्यात आधी अक्षराबद्दल माफी. आयुष्य टायपिंगमध्ये गेलं, पेनाची सवय मोडली, त्यामुळे ओळी डोंगर चढल्यासारख्या वर जातात. तरी हातानेच का लिहिते आहे ते शेवटी कळेल.

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते आणि वाचून हसते, हे खरं ते सांगते. पिंपळावरची बाई, रस्त्यात विडी मागणारा म्हातारा... आमच्या रत्नागिरीत असा एक ओढ्यावरचा साकव नाही जिथे कुणाच्या तरी काकांना काही दिसलेलं नाही. मला कधी काही दिसलं नाही. माझं लग्न दिगंबरशी झालेलं, आणि त्याला अंधारात फक्त उडालेला फ्यूज दिसतो. त्यामुळे आमच्या घरात या विषयाला जागाच नव्हती. आता आहे. आता मी पिंपळावरच्या बाईलाही हसत नाही, कारण ती निदान झाडावर तरी असते.

गोष्ट २००३ सालची. परटवण्याला आमचं घर आहे. पुढच्या पडवीला जाळी लावून मी तिथे डीटीपीचं काम सुरू केलं होतं. लग्नपत्रिका, पूजेची निमंत्रणं, आंब्याच्या पेट्यांची लेबलं. गिऱ्हाईक आलं की स्टूल ओढून माझ्या शेजारी बसायचं आणि स्क्रीनकडे बघत सांगायचं, “ह्या आप्पांचं नाव वरती घ्या, नायतर ते जेवायला बसायचे नाहीत.” डीटीपीवालीच्या खांद्याशी बसल्याशिवाय आपलं काम नीट होत नाही अशी इथल्या लोकांची ठाम समजूत आहे. हे स्टूल लक्षात ठेवा.

मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर कुठल्याशा मासिकाबरोबर मिळालेल्या सीडीवरून घातलं होतं. फुकट ते पौष्टिक! त्यात एक गंमत होती. दोन कळा दाबून अक्षर उमटलं की खाली पिवळी चौकट उघडायची आणि त्या अक्षराने सुरू होणारे, तुम्ही आधी कधीतरी टाइप केलेले शब्द सुचवायची. ‘सत्य’ म्हटलं की ‘सत्यनारायण’. एंटर मारला की शब्द पुरा. त्या अक्षराने सुरू होणारा आणि आधी टाइप केलेला, बस्स, एवढाच तिचा नियम. ती चौकट बंद करायची सोय मात्र नव्हती. मला तेव्हा ती हवीच होती म्हणा, माझा हात त्यामुळे भराभर चालायचा.

मंगल आमच्याच गल्लीत राहायची. हे तिचं खरं नाव नाही, पहिलं अक्षरसुद्धा मी बदललं आहे. तिचा नवरा सुरेश मिरजोळ्याच्या एमआयडीसीत, दिगंबरच्याच कारखान्यात, दुसऱ्या खात्यात. त्याचंही नाव बदललेलंच समजा. बोलायला मऊ माणूस. कुणाकडे मयत असो की बारसं, पहिला हजर. मंगलच्या दंडावर काळेनिळे डाग दिसले तर गल्ली म्हणायची, “चिऱ्यावरून घसरली असेल.” आमच्याकडे चिरे फार, घसरायला जागाही फार.

ती दुपारची माझ्याकडे टायपिंग शिकायला यायची. बोलायची अगदी कमी, पण बोटं कळांवर आली की थांबायची नाहीत. मी एकदा तिला गमतीने म्हटलं होतं, “जपून हो, हा सगळं लक्षात ठेवतो. तू पुसलंस तरी हा विसरायचा नाही.” त्यावर ती बराच वेळ त्या चौकटीकडे बघत राहिली. उठताना आपण कुणी ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो. मंगल तेही तोंडाने म्हणायची नाही. टाइप करायची, ‘येते’. मग पुसायची आणि उठायची.

शिकता शिकता तिने एक फाइल लिहायला घेतली. एका वकीलबाईंनी सांगितलं होतं की जे जे झालं ते सगळं लिहून आण. ती लिहीत होती तेव्हा मी जाळीपाशी भाजी निवडत बसायचे, सुरेश येताना दिसला तर खोकायचं ठरलेलं. त्याने तिला बजावून ठेवलं होतं की पळालीस तर शोधीन, आणि सापडलीस की भाट्याच्या खाडीत लोटीन. आवाज न चढवता सांगितलं होतं. तेच मला जास्त भयंकर वाटायचं.

माझी मावशी, माई, दापोलीकडे केळशीला एकटी राहते. पोफळीची बाग, आड, दोन मांजरं. मंगलला तिथे ठेवायचं ठरलं. हे ठाऊक फक्त चौघांना: मंगल, मी, दिगंबर आणि माई. फोनवर एक शब्द बोललो नाही, दिगंबर स्वतः एसटीने जाऊन माईला सांगून आला. मंगल गेली आणि गल्लीत कुणाला आम्ही ताकास तूर लागू दिली नाही.

ती गेली त्या संध्याकाळी दिगंबरने कॉम्प्युटर पुसायला घेतला. फाइल फ्लॉपीवर वकीलबाईंकडे पोचली होती. इथली त्याने उडवली, कचऱ्याची टोपली रिकामी केली, अलीकडे उघडलेल्या फायलींची नावं साफ केली. मला वाटलं, झालं. पण हा माणूस कुलूप लावल्यावर ओढून बघणारा, आणि गल्लीच्या टोकावरून परत येऊन पुन्हा ओढून बघणारा. तो शोधत राहिला आणि त्याला सॉफ्टवेअरच्या पोटात एक फाइल सापडली. शब्दसाठा.

“हे बघ गो,” तो म्हणाला. “आपण टाइप केलेला शब्द न् शब्द ह्यात आहे. आणि इंटरनेट लागलं की हा साठा कुठेतरी पाठवला जातोय. म्हणून मोडेमचे ते दोन दिवे आपण काही न करता लुकलुकायचे.”

“कुठे पाठवतो?”

“ते काय लिहिलेलं नाही. पण आपण ‘मान्य आहे’ वर क्लिक केलं ना सीडी घालताना? तेव्हा हेच मान्य केलं.”

तो साठा मी वाचला. अकारविल्हे लावलेले शब्द होते. वधूवरांची नावं, हापूस, आमंत्रण, कृपया... आणि मध्ये मध्ये मंगल. ‘कडी’. ‘कोंडलं’. ‘गप्प’. ‘चटका’. वाक्यं नाहीत, नुसते शब्द, लग्नपत्रिकांच्या रांगेत उभे केलेले. मी मुद्दाम ‘के’खाली पाहिलं. केळी, केवडा, केशर, केस. केळशी नव्हतं. मी दिगंबरलाही बघायला लावलं. त्यानेही पाहिलं, नव्हतं. हे विसरू नका, कारण आम्ही दोघं अजून त्याच एका गोष्टीपाशी अडतो.

त्याने फोनची वायर उपटली. मोडेम काढून कपाटात टाकलं. डिस्क फॉरमॅट केली, म्हणजे पाटी धुऊन पुसून कोरी. मग सीडीवरून तेच सॉफ्टवेअर पुन्हा घातलं, कारण सगळ्या गिऱ्हाइकांची जुनी कामं त्याच्याच फॉन्टमध्ये होती. पण आता त्याला बाहेर जायला वाटच नव्हती. “आता बोंबल म्हणावं,” दिगंबर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एका गणेशोत्सव मंडळाचा हिशेब टाइप करत होते. ‘केळी’ लिहायचं होतं. ‘के’ दाबलं आणि चौकट उघडली.

केळशी.

एकच शब्द. कोऱ्या पाटीवर. मी तो पुसला, पुन्हा ‘के’ दाबलं. केळशी. मनाची समजूत घातली की मीच कधीतरी कुणाचं तरी गाव लिहिलं असेल. पण फॉरमॅट झाल्यावर? ‘मा’ दाबलं, ‘माई’ आलं. ‘पो’ दाबलं, ‘पोफळी’. मी हात मांडीवर घेऊन बसले. बाहेर लख्ख ऊन होतं, शेजारणीचा कुकर शिट्ट्या मारत होता, आणि मला माझ्याच पडवीत बसायची भीती वाटत होती. उठताना मशीन बंद करायला हात पुढे केला तेव्हा कुठलीही कळ न दाबता चौकट उघडली. तिच्यात होतं, ‘येते’.

दिगंबर घरी आला तेव्हा त्याने शब्दसाठा उघडला. रिकामा. आत काही नाही. मग त्याने स्वतः ‘के’ दाबलं आणि खुर्ची मागे सरकवली. मी त्याला त्याआधी आणि त्यानंतर कधी घाबरलेलं पाहिलं नाही. “कुठेतरी राहिलं असेल,” तो म्हणाला. कुठे, ते नाही म्हणाला. पुन्हा फॉरमॅट केलं. पुन्हा केळशी.

आता मी ‘के’ टाळायला लागले. केळीला ‘रंभाफळ’ लिहू का, असं एका भटजींना विचारलं तर ते माझ्याकडे बघतच राहिले.

आणि मग सुरेश आला.

दुपारची वेळ, दिगंबर ड्यूटीवर. चप्पल बाहेर काढून, घाम पुसत, तो जाळीपाशी उभा राहिला. “वहिनी, जरा एक काम होतं.”

“या ना.” मी म्हटलं. काय म्हणणार?

“मंगलचा काही पत्ता नाही. पेपरात जाहिरात द्यावी म्हणतो. हरवली आहे म्हणून. तुम्ही टाइप करून दिलीत तर बरं.”

“आज लाइट जाणार आहे हो...”

“मग पटकन करू,” तो म्हणाला आणि स्टूल ओढून माझ्या शेजारी बसला. इतका शेजारी की त्याच्या शर्टाचा साबणाचा वास येत होता. “तुमच्याकडेच यायची ना ती शिकायला? ह्याच मशीनवर?”

“हो. थोडे दिवस.”

“हं.”

मी ‘हरवली आहे’ लिहिलं. तिचं नाव लिहिलं, चौकटीत काही आलं नाही. वय, उंची, रंग. तो हळू, स्पष्ट सांगत होता, एखादं पार्सल वर्णन करून सांगावं तसं. मग म्हणाला, “केस लांब.”

माझी बोटं थांबली. ‘केस’ला आधी ‘के’ लागतं. ‘के’ दाबलं की केळशी, आणि त्याचे डोळे स्क्रीनवर.

“लांब वेणी असं लिहू? वाचायला बरं दिसतं.”

त्याने विचार केला. “लिहा.”

मी वेणी लिहिली. नाक सरळ, हनुवटीखाली उजवीकडे व्रण. तो व्रण कसला ते मी त्या फाइलीत वाचलं होतं आणि आता तो सांगत होता आणि मी टाइप करत होते. मला त्याच्या अंगावर कीबोर्ड आपटावासा वाटला.

“अंगावर केशरी साडी.”

“नारिंगी लिहू?”

“नारिंगी नव्हती. केशरी.”

“म्हणजे भगवीसारखी... भगवी लिहिते.”

तो वळून माझ्याकडे बघायला लागला. मऊ आवाजात म्हणाला, “वहिनी, केशरी लिहायला काय होतंय तुम्हाला?”

त्या क्षणी मला नक्की कळलं की हा जाहिरात द्यायला आलेला नाही. हा माझं तोंड बघायला आला आहे. आणि आता मी कळ दाबली नाही तर त्याला सगळं कळणार, आणि दाबली तरी सगळं कळणार. मनात मी आमच्या ग्रामदेवतेला हाक मारली, जिच्या देवळात मी लग्नानंतर एकदाच गेले होते. आणि ‘के’ दाबलं.

चौकट उघडली.

कोल्हापूर.

‘के’ खाली ‘को’चा शब्द! तो तिथे येऊच शकत नव्हता. ‘को’ वेगळं, ‘के’ वेगळं, त्या चौकटीने आजवर नियम मोडला नव्हता. सुरेश पुढे झुकला आणि त्याने तो शब्द हळूच वाचला. “कोल्हापूर. हे काय आलं?”

“ते... ते आपोआप सुचवतं. आधी कुणी टाइप केलेलं असेल ते.”

“आधी कोणी टाइप केलेलं?”

मला बोलताच आलं नाही, आणि माझं ते गप्प बसणं त्याने हवं तसं वाचलं. तो उठला, स्टूल जागेवर ठेवलं, चप्पल घातली. जाहिरात न घेताच गेला. त्या आठवड्यात दिगंबर सांगत आला की सुरेशने रजा टाकली आहे आणि तो कोल्हापूरला गेला आहे. पुढे तो नोकरी सोडून तिकडेच राहिला, लॉज आणि वसतिगृहं पालथी घालत.

तो गेल्यावर मी पुन्हा ‘के’ दाबून पाहिलं. काही नाही. चौकट रिकामी. केळशी त्यानंतर कधी आलं नाही, कोल्हापूरही नाही. मी म्हटलं, सुटलो.

वर्ष गेलं. मग एका दुपारी ‘निमंत्रण’ लिहायला घेतलं आणि चौकटीत आलं, ‘नारळ’. ‘स्वागत’, नारळ. ‘हापूस’, नारळ. कुठलंही अक्षर दाबा, नारळ. संध्याकाळी मशीन बंद केलं, वायर काढली, तरी काळ्या पडद्याच्या तळाशी ती पिवळी चौकट तशीच होती. मी पडवीचं दार लावून घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी केळशी गाठली.

मंगल आता अंगाने भरली होती, माईशी भांडण्याइतकी बोलायला लागली होती. मी सगळं सांगितलं. केळशी, कोल्हापूर, आणि आता हे. नारळ म्हटल्याबरोबर तिच्या हातातली सुपारी खाली पडली.

“अगो, माझा राहिला तो,” ती म्हणाली.

तिने सांगितलं ते असं. जायच्या दिवशी ती शेवटची मशीनवर बसली. मी चहा ठेवायला आत होते. “तूच म्हणालेलीस ना, हा सगळं ठेवतो, पुसलं तरी विसरत नाही. मला वाटलं, जो सगळं ठेवून घेतो तोच राखणदार. त्याला सांगितल्याशिवाय कशी निघू? म्हणून गाऱ्हाणं घातलं.”

“टाइप करून?”

“मग कसं? बा महाराजा, मी केळशीला माईंच्या पोफळीच्या बागेत येते. तुला ठाऊक झालं ते तुझ्यापाशीच ठेव. विचारणाऱ्याला भलतीकडे धाड. वर्षाचा नारळ देईन. असं लिहिलं आणि पुसलं.”

कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे प्रत्येक जागेला राखणदार असतो असं मानतात. त्याला गाऱ्हाणं घालून जागा सोपवायची आणि वर्षाची राखण द्यायची, नारळ म्हणा, कोंबडा म्हणा. मंगलने ती कॉम्प्युटरकडे मागितली होती! असली चूक आमच्याकडचीच बाई करू जाणे. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

माई चुलीपुढून म्हणाली, “राखण मागितलास ना गो बाय? मग ती चुकवायची नाय. त्याना आपला काम केलान. तुझा तू कर.”

“माई, अगं ते यंत्र आहे,” मी म्हटलं.

“असू दे. ऐकलान ना त्याना?”

मी घरी येऊन सीपीयूपुढे नारळ ठेवला, हळदकुंकू वाहिलं. दिगंबर दारात उभा राहून बघत होता. मला वाटलं टर उडवेल. तो एवढंच म्हणाला, “पाणी कीबोर्डवर सांडू नको.” चौकट मिटली. त्यानंतर दर वर्षी मी नारळ ठेवत गेले. पुढे नवं मशीन आलं, जुनं बंद पडून माळ्यावर गेलं, तरी मी शिडी लावून वर जायचे. खोटं कशाला बोलू, देवापुढे कधी बसले नसेन इतक्या मनापासून बसायचे. दरम्यान मंगलला एका दुसऱ्या गावात काम मिळालं आणि ती तिकडे गेली. नव्या नावाने, नव्या माणसांत.

मग एका मे महिन्यात मी माहेरी गेले होते. दिगंबरने घर आवरायला काढलं. माळ्यावरचा सांगाडा भंगारवाल्याला दिला, पण देण्याआधी आतली डिस्क काढली आणि मागच्या चिऱ्यावर ठेवून हातोडीने फोडली. “लोकांच्या फायली असतात,” त्याने मला सांगितलं. “भंगारात गेलेली डिस्क कुणीही वाचतो. एकदा फोडली की कायमची निवांत.” बरोबरच होतं त्याचं. कुठलाही शहाणा माणूस हेच करील. माझ्या चेहऱ्याकडे बघून मग त्याला आठवलं. आम्ही दोघं मागे गेलो. चिऱ्यावर काचेसारखे चकचकीत तुकडे पडले होते. ते गोळा करून मी त्यांच्यापुढे नारळ ठेवला, पण कुणी घेतो आहे असं वाटलं नाही. आधी वाटायचं. कसं सांगू... खोलीत आपण एकटे नसलो की कळतं, तसं.

पाऊस सुरू व्हायच्या आत माईचा निरोप आला. सुरेश केळशीला येऊन गेला.

आम्ही धावत गेलो. माई ओटीवर बसली होती, एरवी कुणाला न घाबरणारी बाई, पण हाताशी कोयता घेऊन. तो आला, पाणी मागितलं, चप्पल बाहेर काढून ओटीवर टेकला. माईने विचारलं, “इथला पत्ता कोणी दिलान?” तर म्हणाला, कुणी नाही. कोल्हापूरला एका सायबर कॅफेत बसलो होतो. कोल्हापूरमधल्याच कुणाला तरी पत्र टाइप करत होतो. ‘को’ दाबलं आणि खाली चौकट आली. तिच्यात लिहिलं होतं, केळशी. पोफळी. माई.

“मी सांगितला, ती गेली,” माई म्हणाली. आमच्याकडे बाई ‘गेली’ म्हटलं की माणूस डोक्यावरची टोपी काढतो, पुढे विचारत नाही. माईने मुद्दामच तसं म्हटलं होतं. तो हसला म्हणे. उठला आणि मऊ आवाजात म्हणाला, “कुठे गेली ते येईल. थोडं थोडं टाइप केलं की येतं.”

दिगंबरने यावर खूप डोकं चालवलं. त्याचं म्हणणं, त्या कॅफेतही तेच फुकटचं सॉफ्टवेअर असेल. आपण मोडेम काढायच्या आधी आपला साठा कुठेतरी पोचला असेल, तिथून सगळीकडे पसरला असेल. मी म्हणते, पण त्या साठ्यात केळशी नव्हतं, आपण दोघांनी पाहिलं. मग तो पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागतो. आणि ‘के’खाली ‘को’, ‘को’खाली ‘के’? तिथे तो उठून बाहेर जातो. मला आजही कळलेलं नाही की आम्ही राखणदाराला मारलं, की मोकळं सोडलं, की जो राखत होता आणि जो गोळा करत होता तो पहिल्यापासून एकच होता.

मंगल सध्या कुठे आहे ते मी इथे लिहिणार नाही. त्या गावाचं नाव मी आजवर कुठल्याही यंत्रावर टाइप केलेलं नाही, मोबाइलवरसुद्धा नाही. तिला भेटायला जाते तेव्हा तिकीटसुद्धा पुढच्या स्टॉपचं काढते. म्हणून हे हाताने लिहिते आहे, आणि यातही ते नाही.

पण हे कागद तुमच्याकडे कुणीतरी टाइप करायला घेईलच. त्या माणसाला माझी हात जोडून विनंती आहे. सगळं लिहा, काही गाळू नका. फक्त मंगलचं नाव लिहिताना खाली चौकट उघडली आणि तिच्यात एखाद्या गावाचं नाव आलं, तर एंटर मारू नका, आणि मोठ्याने वाचू तर नकाच. आणि त्या वेळी शेजारच्या स्टुलावर कुणी येऊन बसलं असेल, तर आधी स्क्रीन बंद करा.